मेश्राम काका आणि चुन्याची रेघ

मेश्राम काका आमच्या नकाशांत नेहमी तुकड्यातुकड्यांनी सापडायचे. एका अंगणात त्यांची टोपी, चार हात पलीकडे एक बूट, आणि गोठ्याच्या कडेला छत्रीचा अर्धा घेर. कारण साधं होतं. ड्रोन गावावरून उडतो तेव्हा जमिनीचा एकच तुकडा दहा-पंधरा फोटोंत येतो. ते सगळे फोटो संगणकावर एकमेकांना जोडून गावाचं एक अखंड चित्र करायचं आणि त्यावर घरांच्या हद्दी आखायच्या, हे माझं काम. घर हलत नाही. झाड फारसं हलत नाही. म्हैससुद्धा उन्हात एका जागी बसून राहते. काका मात्र ड्रोन वर असेपर्यंत खाली सारखे हिंडायचे, त्यामुळे पाय एका फोटोतले आणि डोकं दुसऱ्यातलं. नकाशा पुढे पाठवण्याआधी असले माणसांचे तुकडे पुसून टाकायचे, असा आमच्याकडे नियम आहे. त्या माणसाला मी किती वेळा पुसलं असेल, याची काही गणतीच नाही. मी वैतागून म्हणायची, काका, वीस मिनिटं एका जागी उभं राहायला तुमचं काय जाते? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, की पायाले मुंग्या येतात.

आमचं ऑफिस नागपुरात, प्रताप नगरात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. गावठाणांच्या मोजणीचं काम कंपनीकडे आलं तेव्हा पायलट घेतले गेले ते सगळे कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले. त्यांच्यात हे एकटे पन्नाशी उलटलेले. महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात मोबाईल आले आणि स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटोवाले उरले. मग तेही येईनात, तेव्हा काकांनी शटर ओढलं आणि ड्रोन उडवायचं लायसन काढलं. मिशी पांढरी, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर निळी टोपी, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. काकूंनी तंबाखूचा खर्रा सोडायला लावला होता, म्हणून खिशात बडीशेपेची पुडी.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांच्या खुर्चीवर आम्ही फायली ठेवायचो. चहा उभ्यानं, डबासुद्धा बरेचदा खिडकीत ठेवून उभ्यानं. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचे, बाहेर पाहायचे, स्वतःशीच म्हणायचे, "आता पाह्य कसा चढला." म्हणजे उजेड. आम्हाला सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढंच कळायचं. त्यांना दहाचा उजेड वेगळा, साडेअकराचा वेगळा आणि ढगाच्या कडेचा आणखी वेगळा. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठायचं. एकदा मी सरळ म्हटलं, की काका, एक तर बसा नाही तर गच्चीवर जा. ते लगेच गच्चीवर गेले, आणि तिथून त्यांच्या बुटांचा आवाज माझ्या डोक्यावर सुरू झाला.

मला उजेडाचा धडा मिळाला तो त्याच गच्चीवर. मी नवी होते, आणि पायलट लोकांनी पाठवलेले फोटो फिकट येतात अशी माझी रोजची कटकट होती. काका म्हणाले, मॅडम, वर चला. तेव्हा मी अजून मॅडम होते. मे महिन्यातली दुपार. मी दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि मनातल्या मनात शिव्या देत वर गेले. मी टेबलावर बसणारी बाई, मला कॅमेऱ्याशी काय करायचं? त्यांनी खिशातला पांढरा रुमाल गच्चीवर पसरला, माझी एक काळी चप्पल मागितली, ती रुमालाशेजारी ठेवली आणि ड्रोन वर नेला.

पहिला फोटो ऑटोवर काढला, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा हे मशीननं आपल्या मनानं ठरवलं. फोटो मला छान वाटला. चप्पल स्पष्ट, गच्ची झगझगीत. दुसरा त्यांनी स्वतः आकडे लावून काढला. त्यात गच्ची मळकट, आणि चपलेच्या जागी नुसता काळा गोळा. मी म्हटलं, काका, माझी चप्पल गेली. ते दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरले आणि दोन्ही फोटो माझ्याच संगणकावर उघडले. दुसऱ्या फोटोतला काळोख त्यांनी हळूहळू उजळवला, तर गोळ्यातून चप्पल निघाली, तिचं बक्कल निघालं, बकलावरची धूळसुद्धा निघाली. मग पहिला फोटो घेतला आणि त्यातला उजेड कमी केला. रुमाल आधी पांढरा होता, तो राखाडी झाला. शिवण नाही, वीण नाही, कोपऱ्यावरचा चहाचा डाग नाही. कितीही ओढलं तरी तिथं काहीच नव्हतं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "काळ्यात लपलेलं निघते. जळालेलं नाही निघत. म्हणून पांढरं वाचव. काळ्याचं मागून पाहता येते."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमची 'अर्चना वं' झाले.

बाकीचं त्यांनी असंच उभ्याउभ्या शिकवलं. आमच्या ड्रोनच्या कॅमेऱ्याचं भोक कायम एकाच मापाचं, ते लहानमोठं होत नाही. तेव्हा हातात दोनच गोष्टी. एक शटर, म्हणजे दार किती वेळ उघडं ठेवायचं ते. ड्रोन चालता असतो, म्हणून मोजणीत दार झटकन लावायचं, नाही तर सगळं पुसट येतं. दुसरं आयएसओ. ते म्हणजे मंडपातल्या भोंग्याचा आवाज. वाढवला तर बोलणं मोठं होतं, आणि खरखरही तेवढीच मोठी होते. नागपूरच्या उन्हात त्याला हात लावणाऱ्याला चहा देणार नाही, असं त्यांनी सगळ्या पायलटांना बजावून ठेवलं होतं. लग्नाचा व्हिडिओ काढायचा असेल तर कॅमेऱ्याला काळी काच लावायची, तिला ते गॉगल म्हणायचे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात उजेडाचा जो छोटा आलेख दिसतो, त्याला डोंगर. डोंगर चौकटीच्या उजव्या भिंतीला टेकला की पांढरं जळालं. इतके वर्ग केले मी, पण आलेख वाचायला मला या माणसानं शिकवलं.

ऑटोवर त्यांचा भारी राग. त्या मशीनला काय माहीत, आपल्याला यातलं काय पाहिजे आहे, असं म्हणत ते पुन्हा खिडकीकडे जायचे.

हे पांढऱ्याचं वेड कुठून आलं ते मला काकूंनी सांगितलं. एका रविवारी त्यांनी मला सक्करदऱ्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. दारासमोरच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो, मोठ्या फ्रेममध्ये. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे नवरीही पांढऱ्या साडीत आणि नवराही पांढऱ्या कपड्यात. मागचा पडदाही पांढरा. स्वतःच्या लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरवर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून काकांनी कॅमेरा स्वतः लावून दिला होता आणि मित्राला फक्त बटन दाबायला उभं केलं होतं. गडबडीत आकडा चुकला. सगळा रोल जळाला. त्यातल्या त्यात बरा फोटो भिंतीवर होता. नवरदेवाचा चेहरा आणि केस दिसत होते, आणि नवरीच्या जागी फक्त डोळे, केसांची कड आणि हातातली फुलं. बाकी सगळी साडी पडद्यात गेलेली.

काकू वाढता वाढता म्हणाल्या, "माझ्या लग्नाले मी होती का नाई, हे या फोटोवरून सांगताच येत नाई."

मी हसले. काका ताटावरून उठले आणि हातात पोळी घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. फोटो काढून टाका म्हटलं तर काढू देत नाहीत, असं काकूंनी मला हळूच सांगितलं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी माहीत नाही किती लग्नं काढली, पण कोणत्याही नवरीची साडी जळू दिली नाही.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मला बरं वाटत नाही, कारण चूक माझी होती.

ड्रोन यायच्या आधी गावात प्रत्येक घराची हद्द चुन्यानं आखतात. आपापल्या अंगणाच्या कडेनं लोक चुन्याची रेघ ओढतात, ती वरून फोटोत दिसते आणि तिच्यावरून मी नकाशात हद्द काढते. पण गावठाणाची जमीन म्हणजे पांढरी. माती फिकी, वरून मे महिन्याचं ऊन, आणि त्यावर पांढरा चुना. कॅमेऱ्यानं जरा जास्त उजेड घेतला की माती आणि चुना एक. काकांनी यावर तोड काढली होती. ते आदल्या दिवशीच गावात जायचे, गल्लीगल्लीत फिरायचे आणि पुरुषांशी न बोलता बायांशी बोलायचे. आधी हातभर रुंद शेणाचा सडा टाका, तो वाळू द्या, मग त्यावर बोटभर चुना. बायांना समजावून सांगावं लागायचं नाही. सारवलेल्या जमिनीवर रांगोळी उठून दिसते हे त्यांना काय सांगायचं? काही जणी हौसेनं कोपऱ्याकोपऱ्यावर कमळं काढायच्या. काका म्हणत, काढा, पण रेघेच्या बाहेर काढा. ती कमळंही मी मग पुसायची.

त्या उन्हाळ्यात काका लेकीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला गेले होते. उमरेडच्या वाटेवरचं एक गाव दुसऱ्या पायलटनं उडवलं. सडा नाही, आणि कॅमेरा ऑटोवर. कौलांची काळी छपरं आणि भोवतीचं काळं वावर पाहून मशीननं आपल्या मनानं उजेड वाढवून घेतला. अंगणं सगळी जळाली. डोंगर उजव्या भिंतीत घुसलेला मला दिसत होता. फोटो परत पाठवायला हवे होते. पण त्या महिन्यात मी दोन गावं परत पाठवली होती, मॅनेजर माझ्यावर चिडलेले होते, आणि मला कंटाळा आला होता. बहुतेक हद्दी भिंतींवरून कळल्या. एका अंगणात मात्र काहीच दिसेना. तिथं सिमेंटची एक पट्टी होती, तिच्या कडेनं मी अंदाजानं रेघ मारली आणि पुढच्या घराकडे गेले. दहा मिनिटांचं काम.

काही दिवसांनी यमुनाबाई ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, हातात कापडी पिशवी. वडिलांच्या घराचा मागचा भाग त्यांच्याकडे, पुढचा चुलतभावाकडे. मधल्या अंगणात त्या उन्हाळाभर शेवया, कुरडया, पापड घालत, त्यावरच त्यांचं वर्ष निघायचं. माझ्या रेघेनं ते अख्खं अंगण हातपंपासकट चुलतभावाला दिलं होतं. त्यांच्या घराचं दार आता दुसऱ्याच्या जमिनीत उघडत होतं. बाई भांडल्या नाहीत. माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "मी चुना टाकला होता, मॅडम. माझ्या हातानं. तो कुठं गेला?"

मी फोटो उघडून दाखवला. सगळं पांढरं. मॅनेजर म्हणाले, फोटोत रेघ नाही तर आम्ही काय करणार, हरकत नोंदवा. हरकतीची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती.

काका आदल्याच दिवशी चंद्रपूरहून परतले होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, फोटो इकडून तिकडून ओढून पाहिले. मग विचारलं, हे पास कोणं केलं? मी म्हटलं, मी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते सरळ गच्चीवर गेले. वर त्यांच्या बुटांचा आवाज सुरू झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि खाली यमुनाबाई पिशवी मांडीवर घेऊन काकांच्याच खुर्चीवर बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

काका खाली आले ते ठरवूनच. मॅनेजरांना त्यांनी कसं पटवलं मला माहीत नाही, पण आतून बराच वेळ फक्त त्यांचाच आवाज येत होता. तेवढी एक गल्ली पुन्हा उडवायची परवानगी मिळाली, गुरुवारी, एकदाच. ग्रामसेवक आणि पंच हजर राहतील असं ठरलं. मला वाटलं होतं चुलतभाऊ आडवा येईल. तो म्हणाला म्हणे, नकाशानं दिलं, मी कुठं मागलं होतं? पंचांसमोर दोघांनी जुनी हद्द कबूल केली. कडुनिंबापासून हातपंपाच्या ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ.

गुरुवारी सकाळपासून मला टेबलावर बसवेना. अकराच्या सुमाराला काकांचा फोन आला. गल्लीतल्या बायांनी सडा चांगला टाकला होता, चुना बारीक पडला होता. पण हातपंपाचा ओटा नवा, सिमेंटचा, उन्हात पांढराफटक. त्याच्यावर शेण धरत नव्हतं, वाहून जात होतं, आणि चुना तर दिसतच नव्हता. नेमका तोच शेवटचा कोपरा. तो चुकला की रेघ दोन हात इकडे किंवा तिकडे, आणि त्या दोन हातांतच यमुनाबाईंचं दार होतं.

"तिथं ठेवलेलं काही पोरं टिकू देत नाहीत. आता मीच ओट्याच्या कोपऱ्यावर उभा राहून राहिलो," काका म्हणाले. "पंचनाम्यात तसं लिहून घेतलं आहे. तू माझ्या बुटावर खूण टाक."

"काका, तुम्ही हलाल. तुकडे होतील तुमचे. पुन्हा उडवता येणार नाही."

"नाही हलत."

"पूर्ण बॅटरीभर?"

"नाही हलत म्हटलं ना वं."

ड्रोन ठरवून दिलेल्या वाटेनं आपला आपण फिरतो, पायलटनं रिमोट हातात धरून नजर ठेवायची असते. म्हणजे उभं राहणं शक्य होतं, पण ते मेश्राम काकांना शक्य होतं का? फोन ठेवल्यावर मी उठले. या खिडकीतून त्या खिडकीत गेले, परत आले, पुन्हा गेले. बाहेर रस्ता पांढरा झाला होता. टेबलाशेजारचा एक जण म्हणाला, ताई, बसा ना. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

संध्याकाळी काका कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन आले. चेहरा रापलेला, चाल जरा लंगडती. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फोटो जोडायला संगणकाला बराच वेळ लागतो, म्हणून ते घरी गेले. सकाळी मी ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात जाऊन उभी होते.

चित्र तयार होतं. त्यांनी ड्रोन नेहमीपेक्षा बराच खालून उडवला होता. अंगण काळपट, सड्याचा पट्टा त्याहून काळा, आणि त्यावर कडुनिंबापासून ओट्यापर्यंत चुन्याची रेघ, पेन्सिलनं ओढावी इतकी नीट. ओट्याच्या कोपऱ्यावर एक अख्खा माणूस. टोपी, खांदे, हातात रिमोट, जुळवलेले दोन बूट. सगळ्या फोटोंत त्याच जागी, बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही. मी बुटाच्या टोकावर खूण टाकली आणि रेघ ओढली. यमुनाबाईंचं दार त्यांच्याच अंगणात उघडलं. शुक्रवारी हरकत मान्य झाली.

काका आले, उभ्याउभ्या विचारलं, आलं का? मी म्हटलं, आलं. पांढरं? वाचलं. त्यांनी मान हलवली, चहाचा कप उचलला आणि खिडकीकडे गेले. यमुनाबाईंनी नंतर पिशवीभर कुरडया पाठवल्या, त्यातल्या अर्ध्या काकांनी मला दिल्या. नकाशात तुम्ही अख्खे आला आहात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्याचा मोठा प्रिंट काढून त्यांची चांगली मजा करायची, असं माझ्या मनात होतं. मग पाऊस लागला, उड्डाणं बंद झाली, दुसऱ्या कामांचा ढीग आला. प्रिंट राहून गेला. श्रावणात एका सकाळी काका घरी चहा करता करता ओट्यापाशी कोसळले, ते गेलेच. उभेच होते, काकू म्हणाल्या.

त्या प्रिंटचं मला फार लागलं. अजून लागतं. दोन मिनिटांचं काम होतं.

त्या गावाच्या नकाशातून मी त्यांना पुसलेलं नाही. पुसता आलंही नसतं, हद्दीची खूणच त्यांच्या बुटावर आहे. परवा काकूंना द्यायला म्हणून मी तो मूळ फोटो पुन्हा उघडला. चुना वाचवण्यासाठी त्यांनी उजेड इतका कमी ठेवला होता, की टोपीखाली चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग होता. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी काळं हळूहळू उजळवत नेलं. आधी चष्म्याच्या काचा आल्या, मग पांढरी मिशी. मग कळलं, की काका मान मागे टाकून सरळ वर, माझ्याकडे बघत आहेत.